कुत्र्याने काय खाल्ले? निदान आपल्या अंगणातच सुरू होते

आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. दाराशी चपलांची रांग लागते आणि त्या चपलांजवळच वस्तीतला एखादा कुत्रा अंगाचे मुटकुळे करून पडलेला असतो. म्हटला तर तो कोणाचाच नाही आणि म्हटला तर सगळ्यांचा. रात्री भुंकतो तो सगळ्यांसाठीच.

याच दिवसांत रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात रान माजते. उकिरड्यावर एरंड आणि धोतरा उगवतो, कुंपणाला चंद्रज्योतीची बोंडे लागतात, नाल्याच्या काठी बेशरम वाढतो, अंगणातली कण्हेर फुलांनी लगडते. शेतात सोयाबीनची पेरणी आणि मग फवारणी सुरू असते. कुत्रा नाकाने जगणारा प्राणी. जे दिसेल ते हुंगतो, चाटतो, चावून पाहतो. पिल्लू असेल तर विचारायलाच नको.

मग एखाद्या सकाळी कुत्रा उठत नाही. तोंडाला फेस, मागचे पाय लटपटतात, दोनदा ओकतो. भोवती माणसे जमतात. एक म्हणतो, "कोनं तरी घातलं असन काही." दुसरा म्हणतो, "पिसाळला वाटते, मारा त्याले." एखादी आजी मायेपोटी मिठाचे पाणी घेऊन येते. तिघांच्याही मनात वाईट नाही. पण महत्त्वाचा प्रश्न कोणीच विचारलेला नसतो: याने खाल्ले काय, किती, आणि केव्हा?

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही या एका प्रश्नाविषयीच बोलणार आहोत. कारण कुत्र्याने विषारी वनस्पती खाल्ली असेल तर पशुवैद्यकाचे अर्धे निदान या प्रश्नाच्या उत्तरात असते, आणि ते उत्तर दवाखान्यात नसते. ते आपल्या अंगणात असते.

एकच लक्षण, उलटे उपचार

दोन कुत्रे डोळ्यांसमोर आणा. दोघेही झोकांड्या खात आहेत, दोघेही ओळख विसरल्यासारखे करत आहेत. एकाने धोतऱ्याची बोंडे चावली आहेत. दुसऱ्याने फवारणीच्या कीटकनाशकाचे रिकामे डबडे चाटले आहे. बघणाऱ्याला दोघांचेही दुखणे सारखेच वाटेल.

पशुवैद्यक मात्र बॅटरी मारून डोळे पाहतात आणि तोंड तपासतात. धोतरा खाल्लेल्या कुत्र्याच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, उजेडानेही नीट आकसत नाहीत. तोंड कोरडे, अंग गरम, काळीज धडधडत असते. फॉस्फरसयुक्त कीटकनाशक पोटात गेलेल्या कुत्र्याचे बहुतेक वेळा नेमके उलटे असते: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, स्नायू थरथरतात, जुलाब होतात.

आता गंमत पाहा. अशा कीटकनाशकाच्या विषबाधेवर डॉक्टर 'अ‍ॅट्रोपीन' या औषधाची सुई देतात. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्या वेळी विदर्भात हे नाव अनेकांच्या कानांवर पडले. हेच अ‍ॅट्रोपीन धोतऱ्यातही असते. म्हणजे एका कुत्र्याला जे वाचवील, तेच दुसऱ्याच्या पोटात विष होऊन बसलेले आहे. अंदाजाने सुई टोचली तर धोतरा खाल्लेल्या कुत्र्याची अवस्था आणखी बिघडेल. म्हणून आधी निदान, मग औषध.

तथागतांचे वैद्य जीवक यांची कथा आपण ऐकली आहे. तक्षशिलेत आचार्यांनी त्यांना सांगितले की एक योजनाच्या परिसरात फिरून औषधी नाही अशी वनस्पती घेऊन या. जीवक रिकाम्या हाताने परतले. तशी एकही वनस्पती त्यांना सापडली नाही. त्या कथेची दुसरी बाजूही आपण ध्यानात ठेवावी. औषधी वनस्पतीची मात्रा चुकली की तीच घातक ठरते.

आपल्या आजूबाजूची झाडे

पहिली गोष्ट, कुत्र्याने गवत खाल्ले आणि एकदा ओकला म्हणजे विषबाधा झाली असे नाही. कुत्रे गवत खातातच. ओकून झाल्यावर तो नेहमीसारखा खेळत असेल, पाणी पीत असेल, तर घाबरण्याचे कारण नसते. पण पुढच्या झाडांशी संबंध आला असेल तर वाट पाहू नये.

कण्हेर, लाल, पांढरी आणि पिवळी. पिवळ्या कण्हेरीला आपल्याकडे बिट्टी म्हणतात. पान, फूल, फांदी, बी, सगळेच विषारी. पान वाळले तरी विष जात नाही. हे विष हृदयावर काम करते. आधी उलटी, लाळ, पोटदुखी. मग नाडी मंदावते किंवा ठोके चुकतात.

एरंड. विष बीमध्ये असते. बी अख्खी गिळली आणि तशीच बाहेर पडली तर कधी कधी निभावते. चावून फोडली तर धोका मोठा. तेल काढून उरलेली पेंड खत म्हणून घालतात. तिचा वास कुत्र्याला आवडतो. पेंडीत विष शिल्लक राहू शकते, म्हणून पोते उघडे ठेवू नये.

चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. कुंपणाला लावतात. बीची चव बदामासारखी लागते म्हणून शाळकरी मुलेही ती खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात दाखल होतात, अशा बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. कुत्र्यालाही तोच त्रास होतो.

गुंज. लाल बी, त्यावर काळा ठिपका. कवच कठीण असते, पण फुटले तर एरंडासारखेच जबर विष.

रुई. चीक डोळ्यात किंवा तोंडात गेला तर आग होते. पोटात गेला तर उलट्या, आणि हृदयालाही त्रास.

कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, लाल-पिवळ्या फुलांची वेल. तिचा कंद उकरून खाणे फार धोक्याचे.

आणि स्वयंपाकघरातला कांदा-लसूण. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वजनाच्या दर किलोमागे साधारण 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला 150 ते 300 ग्रॅम. कच्चा असो की शिजवलेला, फरक पडत नाही. लग्नकार्यातले कांद्याचे उरलेले सालन परातभर पुढे ठेवले की एवढे सहज होते. द्राक्षे आणि मनुकांनी काही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना इजा होते.

वेळ काय सांगते

लक्षण केव्हा सुरू झाले, यावरूनही पशुवैद्यक झाड ओळखण्याच्या जवळ पोचतात. चंद्रज्योत, धोतरा, रुई आणि कण्हेर यांचा त्रास साधारणपणे काही तासांच्या आत दिसतो. एरंड आणि गुंज यांचा त्रास काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही सुरू होतो. कांद्याचा परिणाम तर तीन ते पाच दिवसांनी दिसतो: कुत्रा थकतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी गडद तांबूस होते. उंदीर मारण्याच्या काही औषधांचेही तसेच. रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो.

म्हणून 'आज सकाळी काय खाल्ले' एवढे सांगून भागत नाही. गेल्या चार-पाच दिवसांत काय काय झाले ते आठवावे. लग्न होते का? शेतात औषध लावलेले सोयाबीनचे बियाणे उघडे पडले होते का? घरात उंदरांचे औषध ठेवले होते का?

आणि जे खरे असेल ते सांगावे. कुत्र्याने गांजा खाल्ला असेल तर लोक लाजेने किंवा भीतीने बोलत नाहीत. असा कुत्रा पेंगतो, डुलतो, थेंब थेंब मुततो. पशुवैद्यकाला तुमच्यावर खटला भरायचा नसतो, त्याला कुत्रा वाचवायचा असतो. लपवल्याने तपासण्या वाढतात, खर्च वाढतो आणि वेळ जातो.

पशुवैद्यक काय तपासतात

आधी ते ताप पाहतात. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरेनहाइट असते, माणसापेक्षा जास्तच. म्हणून हाताला गरम लागला म्हणजे ताप आहे, असे धरू नये. मग हिरडी बोटाने दाबून सोडतात. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाली तर रक्ताभिसरण ठीक आहे. नाडी, श्वास, बाहुल्या, पोट दाबल्यावर होणारी कळ, तोंडातले फोड, सगळे ते क्रमाने पाहतात.

त्यानंतर गरजेप्रमाणे रक्ततपासणी. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'रक्त काढा म्हणजे कोणते विष ते कळेल,' असे आपण म्हणतो. रक्ताची नेहमीची तपासणी झाडाचे नाव सांगत नाही. ती कोणत्या अवयवाला इजा झाली ते सांगते. यकृत बिघडले का, मूत्रपिंड काम करते का, रक्त कमी झाले का, पोटॅशियम वाढले का. कांद्याच्या बाबतीत मात्र काचेच्या पट्टीवर घेतलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की तांबड्या पेशींतली खूण दिसू शकते. कण्हेरीचा संशय असेल तर हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, काढावा लागतो. ठोके कसे चुकतात हे त्यात दिसते.

झाडाचे नाव कळते ते ओकारीतून, विष्ठेतून निघालेल्या पानाच्या किंवा बीच्या तुकड्यावरून, आणि तुम्ही पिशवीत घालून आणलेल्या फांदीवरून. शहरातल्या मोठ्या यंत्रापेक्षा ही पिशवी जास्त बोलते.

विषासारखे दिसणारे दुसरे आजार

चार-सहा महिन्यांच्या, लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे घाण वासाचे जुलाब झाले तर एरंडाबरोबरच 'पार्वो' या विषाणूचाही विचार करावा लागतो. विष्ठेचा नमुना घेऊन ती तपासणी थोड्या वेळात होते. पार्वो असेल तर त्या पिल्लाला दुसऱ्या पिल्लांपासून लगेच वेगळे ठेवावे लागते.

सर्वांत महत्त्वाचा आजार रेबीज. लाळ गळते, खालचा जबडा लोंबतो, आवाज बदलतो, पाणी गिळता येत नाही, कुत्रा उगाच चावायला धावतो किंवा अंधारात जाऊन पडतो. 'घशात काही अडकले असेल' असे समजून लोक तोंडात हात घालतात. असे कधीही करू नका. कारण माहीत नसताना लाळ गाळणाऱ्या कुत्र्याला उघड्या हाताने हाताळू नका. मुलांना दूर ठेवा.

चावा बसला, ओरखडा आला किंवा लाळ जखमेला, डोळ्याला लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवा, डोळा नुसत्या स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीज बरा होत नाही. वेळेत लस घेतली तर तो टळतो. हळद, चुना, तिखट, झाडपाला, मंत्र यांनी टळत नाही.

आणि फेस दिसला म्हणून कुत्र्याला ठेचून मारू नका. धोतऱ्याने बहकलेला, कीटकनाशकाने थरथरणारा आणि पिसाळलेला कुत्रा लांबून सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक काठीला कळत नाही.

घरी काय करावे

रेबीजचा संशय नसेल आणि कुत्रा शुद्धीवर असेल, तर ही कामे करा.

1. उरलेले झाड, बी, डबडे त्याच्यापासून दूर करा. तोंडाबाहेर चिकटलेले तुकडे ओल्या फडक्याने पुसा.

2. झाडाची फांदी, पान, फूल, बी पिशवीत घ्या. ओकारीचा थोडा भाग झाकणाच्या डबीत घ्या. हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. मोबाईलवर झाडाचा फोटो काढा.

3. कागदावर लिहा: खाल्ल्याची वेळ, अंदाजे किती, कुत्र्याचे वय आणि वजन, किती वेळा ओकला, लसी झाल्या का, कोणते औषध चालू आहे का.

4. पशुवैद्यकाला फोन करा आणि निघा. लक्षण दिसायची वाट पाहू नका. पोटातले विष उलटी करवून काढता येते ते साधारण पहिल्या एक-दोन तासांतच, आणि ते काम पशुवैद्यकाचे आहे.

मिठाचे पाणी पाजू नका. मिठाचीच विषबाधा होऊन कुत्रा दगावू शकतो. घशात बोटे घालू नका. दूध, तूप, तेल, ताक ओतू नका. पेंगणाऱ्या कुत्र्याच्या ते फुप्फुसात जाते. चुलीतला कोळसा उगाळून देऊ नका. दवाखान्यात विष शोषायला देतात तो कोळसा वेगळ्या प्रक्रियेने बनवलेला असतो. झटके येत असतील तर तोंडात काही घालू नका. अंधाऱ्या, शांत जागी ठेवून लगेच न्या.

कोठे न्यायचे? आधी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, नंतर रिसोड किंवा वाशिम. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे. ही सेवा मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी फोन करून विचारायला संकोच करू नका. सल्ला तरी मिळेल. आजार गुंतागुंतीचा असेल तर अकोल्याला स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची ही संस्था आहे आणि तिथे प्राण्यांवर उपचार होतात. निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्यावी.

हेच झाड लहान मुलाने खाल्ले असेल तर 108 ला फोन करून सरळ माणसांच्या दवाखान्यात न्या, आणि तिथेही झाडाची पिशवी बरोबर न्या.

कुत्रा दगावला तर

कुत्रा दगावला की वस्तीत संशयाला पाय फुटतात. 'अमक्याने विष घातले.' मग जुनी भांडणे उकरली जातात. कोणी 'करणी' म्हणतो. कधी संशय खराही असतो, कारण कुत्र्यांना विष घालणारे लोक आहेत. पण खरे-खोटे ठरते ते शवविच्छेदनाने. पशुवैद्यक पोट उघडून पाहतात. चावलेल्या बिया किंवा पाने सापडली तर शेजाऱ्यावरचा आळ तिथेच संपतो. तसे नसेल तर पोटातले अन्न, यकृत, मूत्रपिंड यांचे नमुने तपासणीसाठी पाठवता येतात.

मुद्दाम विष घातल्याचा संशय असेल तर पोलिसांत तक्रार द्यावी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा निकामी करणे हा गुन्हा आहे. त्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शव पुरण्याआधी पशुवैद्यकाला बोलवा. उशीर झाला की पुरावा कुजतो. आणि शव उघड्यावर टाकू नका. ते खाऊन दुसरे कुत्रे मरतात.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितले. हा उपदेश वंदनेनंतर जसा लागू आहे तसाच उकिरड्यावर पडलेल्या कुत्र्यापुढेही लागू आहे.

विहारापासून सुरुवात

काही जण म्हणतील, माणसांच्या औषधाला पैसे नाहीत, कुत्र्याचे काय घेऊन बसलात? प्रश्न खोटा नाही. ज्या समाजाला कुत्री-मांजरे पितात ते पाणी पिऊ दिले जात नव्हते, तो समाज हा प्रश्न विचारणारच. पण 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते माणसाला माणूसपण मिळावे म्हणून. मुक्या जीवाचे पाणी तोडावे म्हणून नव्हे. पंचशीलातले पहिले शील आपण रोज घेतो, त्यात कोणताही प्राणी वगळलेला नाही. शिवाय वर सांगितलेल्या कामांपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही. लागते ते लक्ष.

सम्राट अशोकांनी आपल्या दुसऱ्या शिलालेखात दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था नोंदवून ठेवली आहे, माणसांची आणि पशूंची. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणवून लावल्या, असेही त्यात आहे. बावीसशे वर्षांहून जास्त काळापूर्वी एक बौद्ध राजा हे दगडावर कोरून ठेवतो, तर आपण एका रविवारी विहाराचे आवार साफ करू शकतो.

या वर्षावासात एवढे करू या. विहाराभोवतीचा धोतरा आणि एरंड हातमोजे घालून, बी धरण्याआधी उपटू या. कण्हेर तोडायलाच हवी असे नाही, पण छाटलेल्या फांद्या आणि वाळलेली पाने वाटेत पडू देऊ नये, आणि तिच्या फांद्या चुलीत जाळू नयेत, कारण तिचा धूरही घातक असतो. ग्रंथवाचनाला जमणाऱ्या मुलांना झाडे हाताने न तोडता दाखवू या आणि नावे पाठ करून घेऊ या. विहाराच्या फळ्यावर पशुवैद्यकाचा क्रमांक, 1962 आणि 108 लिहून ठेवू या.

मग एखाद्या सकाळी कुत्रा उठला नाही, तर गर्दीतला एखादा पोरगा तरी विचारील, "यानं काय खाल्लं? कवा खाल्लं?" आणि पिशवी आणायला धावेल.